टकोमाचा खालचा आर्म घरच्या घरी बदलताना

हे लिहितोय ते पुढचं सस्पेंशन आयुष्यात पहिल्यांदा उघडणाऱ्यासाठी. गाडी आहे टोयोटाची टकोमा ही पिकअप, २००५ ते २०१५ मधली, चाकाला सहा नट असलेली. पाच नटांची साधी टू-व्हील-ड्राइव्ह टकोमा थोडी वेगळी आहे, तिला यातलं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. मी ओहायोत राहतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर पोत्यांनी मीठ ओततात आणि या कामातला निम्मा त्रास त्या मिठाचा आहे. ॲरिझोनात राहणाऱ्याने गंजाबद्दलचा भाग वाचून हसावं आणि पुढे जावं.

आधी आर्म म्हणजे काय ते. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन आर्म असतात, वरचा लहान आणि खालचा दांडगा. खालच्याला दोन पाय असतात. ते चासीच्या ब्रॅकेटमध्ये रबरी बुशवर बसतात. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला, चाकाकडे, एका टोकाला मिळतात आणि तिथे बॉल जॉइंट असतो, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा. बॉल जॉइंटवर नकल, म्हणजे स्टिअरिंगबरोबर वळणारा लोखंडी तुकडा, नकलवर हब, हबवर चाक. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेले असतात आणि त्यांचं खालचं टोक याच आर्मवर टेकतं. म्हणजे गाडीच्या पुढच्या भागाचं वजन खालच्या आर्मवरून चाकाकडे जातं. वरचा आर्म चाक फक्त सरळ धरून ठेवतो. गावाकडे छोटा हत्ती धुण्या-पुसण्यात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे नवं वाटेल, कारण छोटा हत्ती म्हणजे टाटा एस, आणि तिला पुढेही पाटेच, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगाच, आहेत. जिथे पुढे पाटे, तिथे आर्मचा प्रश्नच नाही. टकोमाला पाटे फक्त मागे.

आर्म खरंच गेलाय का?

आर्मचं लोखंड सहसा जात नाही. जातं त्याचं रबर, नाहीतर बॉल जॉइंट. रबर गेलं की ब्रेक मारताना किंवा खड्ड्यातून जाताना पुढून एकच जाड ‘खट्’ येतो, गाडी ब्रेकला एका बाजूला खेचते आणि टायरची एक कड आधी झिजते. पण असाच आवाज शॉकअपच्या खालच्या बुशचा येतो, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंकचा येतो, स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा भाग) बुशचाही येतो. म्हणून आवाजावर विसंबून पार्ट मागवू नका. लिंक आर्मच्या मानाने फार स्वस्त असते आणि लिंकच्या आवाजापायी आर्म बदलणारे लोक मी पाहिलेत.

तपासायचं असं. चासीखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावून गाडी वर घ्या, चाक लोंबतं ठेवा. एक लांब टॉमी (लोखंडी पहार) आर्मच्या पायात आणि ब्रॅकेटमध्ये घालून रेटा. चांगलं बुश थोडं दबतं आणि परत येतं. गेलेल्या बुशमध्ये आर्म पुढे-मागे सरळ घसरतो, कधी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाजही येतो. रबरावर बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका, जुन्या रबराला त्या असतातच. भेग आरपार असेल किंवा रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलं असेल तरच ते गेलं म्हणायचं. बॉल जॉइंटसाठी जॅक आर्मच्या टोकाखाली लावून चाक जमिनीपासून जरासंच उचला, म्हणजे जॉइंटवरचा ताण सैल होईल. मग टायरखाली टॉमी घालून चाक वर रेटायचं आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटकडे बघायला सांगायचं. तिथे उभी हालचाल दिसली तर त्या दिवसापासून गाडी हायवेवर काढू नका. खालचा बॉल जॉइंट निसटला की चाक आडवं पडतं. याआधीच्या पिढीच्या काही टकोमा टोयोटाने २००५ मध्ये बॉल जॉइंटच्या दोषासाठी परत बोलावल्या होत्या. तुमच्या गाडीचा जॉइंट वेगळा आहे, पण तो झिजला की परिणाम तोच.

तपासताना एक गोष्ट करायला कंटाळू नका. हातोडीने चासी ठोकत जा, आर्मच्या ब्रॅकेटपाशी आणि मागच्या पाट्यांपाशी विशेष. ‘टण्ण’ आवाज आला तर ठीक. ‘थप्प’ आला किंवा हातोडी रुतली तर आर्म विकत घेऊ नका. २००५ ते २०१० च्या टकोमांच्या चासी गंजण्यावरून अमेरिकेत खटला झाला होता आणि २०१६ मध्ये टोयोटाने तडजोड केली. बऱ्याच गाड्यांच्या चासी त्यात बदलून मिळाल्या, पण सेकंडहँड घेतलेली तुमची गाडी त्यातली आहे असं धरून चालू नका. कुजलेल्या ब्रॅकेटला नवा आर्म लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला नवं दार बसवणं.

काय आणून ठेवायचं

आर्म बुश बसवलेला घ्या. जुन्या आर्ममधून बुश दाबून काढायला प्रेस लागते, आणि पहिल्याच वेळी त्या भानगडीत पडण्यात शहाणपण नाही. बॉल जॉइंट आर्मसोबत आला तर उत्तम. वेगळा घ्यायचा असेल तर माझं मत साधं आहे: बाकी सगळं बाजारातलं स्वस्त चालेल, बॉल जॉइंट मात्र कंपनीचाच. दोन्ही बाजूंचं एकदम करायचं का? गंजाच्या मुलखात हो. एका बाजूचे बोल्ट जाम असतील तर दुसऱ्या बाजूचेही असणार, आणि अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेण्याचे, पैसे एकदाच जातील.

आता ज्या गोष्टीवाचून हे काम रविवारी दुपारी अडकतं ती: कॅम बोल्ट. आर्मचे दोन पाय चासीला साध्या बोल्टने जोडलेले नसतात. बोल्टच्या डोक्याखाली एक तबकडी असते, तिचं भोक मध्यभागी नसून बाजूला सरकलेलं असतं. नटाच्या बाजूलाही तशीच तबकडी. ब्रॅकेटवर दोन उंचवटे आहेत, तबकडी त्यांच्यामध्ये फिरते आणि फिरताना आर्मचा पाय आत-बाहेर सरकवते. दोन्ही पाय सारखे सरकवले की चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकतो, त्याला कॅम्बर म्हणतात. एक आत आणि एक बाहेर केला की चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष पुढे-मागे झुकतो, ते कॅस्टर. अलाइनमेंटवाला हेच फिरवत असतो. प्रत्येक बाजूला दोन, असे चार कॅम बोल्टचे पूर्ण संच, नट आणि तबकड्यांसह, काम सुरू करण्याआधी घरात हवेत. जुने नक्की निघतील असं वाटत असलं तरी. ते न लागल्यास परत करता येतात. पण रविवारी संध्याकाळी गाडी घोडीवर आणि बोल्ट कापलेला अशा अवस्थेत सोमवारी ऑफिसला कसं जायचं, याला उत्तर नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. तीन टनी घोड्यांची जोडी, चांगला फ्लोअर जॅक, १७ ते २४ मिमीच्या गोट्या (सॉकेट), दोन फुटी ब्रेकर बार आणि त्यावर चढवायला एक लोखंडी पाइप, टॉर्क रेंच, दोन किलोची हातोडी, टाय रॉड (रॅकपासून नकलपर्यंत जाणारा दांडा) सोडवायचा पुलर, पक्कड, तारेचा ब्रश, रंगाचा मार्कर. इम्पॅक्ट गन असेल तर हात वाचतात. पुलर विकत घेऊ नका. ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत ठेवून हत्यारं नेता येतात आणि परत केल्यावर अनामत मिळते. ही सोय मला या देशातल्या मोजक्या भाबड्या गोष्टींपैकी एक वाटते. गंजलेल्या गाडीसाठी मात्र एक खर्च टाळू नका: रेसिप्रोकेटिंग करवत आणि धातू कापायची जाड पाती, कार्बाइडची मिळाली तर तीच.

टॉर्कचे, म्हणजे कुठला नट किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे मी इथे देत नाही, चाकाच्या नटांचा सोडून. वर्ष आणि मॉडेलप्रमाणे फरक पडतो, आणि माझ्या आठवणीपेक्षा कंपनीचा कागद बरा. टोयोटाची टेक्निकल माहितीची वेबसाइट दोन दिवसांपुरते पैसे भरून उघडता येते. ते दोन दिवस घ्या, तुमच्या मॉडेलची पुढच्या सस्पेंशनची पानं छापून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

दोन दिवस आधी

शुक्रवारी संध्याकाळी गाडीखाली झोपून सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारा. शनिवारी सकाळ-संध्याकाळ परत. डब्ल्यूडी-४० नव्हे, ते या कामाला पातळ पडतं. पीबी ब्लास्टर किंवा क्रोइल घ्या. बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून घ्या, कारण नट निघताना गंजलेल्या आट्यांवर चढून तिथेच रुसतो.

त्याच वेळी खुणा करून घ्या. प्रत्येक कॅम तबकडीवर रेषा असतात. तबकडीवरून थेट ब्रॅकेटवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, चारही ठिकाणी, आणि फोनवर फोटो काढा. फोटो नेहमी थोडा दुरून काढावा, म्हणजे नंतर पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे कळतं. पहिल्या वेळी मी चार जवळून काढलेले फोटो घेऊन बसलो होतो, चारही एकाच पेरूच्या फोडीसारखे दिसत होते.

गाडी उचलणं

सपाट काँक्रीट, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पाचर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा, काढू नका. मग पुढची दोन्ही चाकं उचला, एकाच बाजूचं काम असलं तरी. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो, आणि त्याची लिंक सोडताना तो तुमच्या बोटांवर येतो. घोड्या चासीच्या मुख्य रेलखाली, आर्मच्या मागच्या ब्रॅकेटच्याही मागे. आर्मखाली घोडी लावायची नाही, तोच तर काढायचाय. सिमेंटचे ठोकळे नकोत, लाकडाच्या ओंडक्यांची रचना नको. घोडीवर ठेवल्यावर खाली जाण्याआधी गाडीला खांद्याने चांगला धक्का द्या. पडायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेली चाकं चासीखाली सरकवून ठेवायची, ही सवय माझ्या मामाच्या कराडच्या गॅरेजातली. तिथे पोरं चहा आणायला विसरली तर चालायचं, चाक खाली सरकवायला विसरली की शिव्या.

सोडवणं

खालची संरक्षक पत्रा-प्लेट काढली तर हात नीट पोचतात. काढा.

सुरुवात वायरीपासून. नकलवर एबीएसची वायर क्लिपांनी धरलेली असते. ती क्लिपमधून सोडून बाजूला करा, म्हणजे पुढच्या ओढाताणीत ताणली जाणार नाही. ब्रेक कॅलिपर काढायची गरज पडत नाही, पण ब्रेकचा होस कुठे ताणला जातोय यावर सतत लक्ष ठेवा.

मग स्टॅबिलायझरची लिंक. नट फिरवताना तिचा आतला खिळाही फिरतो, त्याला मागून धरावं लागतं. गंजली असेल तर कापून नवी लावा, तासभर तिच्याशी कुस्ती करण्यात अर्थ नाही.

टाय रॉडचा एंड. स्प्लिट पिन काढा, किल्ल्यासारखा खाचांचा नट काढा. नट पूर्ण काढून न टाकता दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे एंड सुटल्यावर उडी मारणार नाही. मग पुलर लावा, किंवा ज्या लोखंडी डोळ्यात तो बसलाय त्याच्या कडेवर हातोडीचे दोन सणसणीत फटके द्या. फटका डोळ्यावर द्यायचा, आट्यांवर नाही. आट्यांवर मारलेला एंड थेट भंगारात जातो. दुभंगलेल्या काट्यासारखं जे हत्यार मिळतं ते वापरलं तर रबरी टोपी फाटते. एंड परत वापरायचा असेल तर ते नकोच.

आता जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली आणा आणि जरा आधार द्या, इतकाच की शॉकअपच्या खालच्या बोल्टवरचा ताण सुटेल. इथे नवशिके सगळ्यात जास्त घाबरतात: स्प्रिंग उडेल का? नाही. टकोमाची स्प्रिंग शॉकअपभोवती वरच्या आणि खालच्या थाळीत दाबून धरलेली असते. आपण शॉकअपचा खालचा बोल्ट काढतोय, स्प्रिंग तिच्या पिंजऱ्यातच राहते. पण शॉकअपच्या डोक्यावरचा मधला एकटा नट कधीही सैल करायचा नाही. पिंजऱ्याचं कुलूप तेच आहे. ते उघडलं तर दाबलेली स्प्रिंग एका क्षणात सुटते आणि त्यात माणसं मेली आहेत.

शॉकअपचा बोल्ट निघाला की नकलच्या तळाशी बॉल जॉइंटला धरणारे दोन मोठे बोल्ट काढा. ते निघाल्यावर नकल वरच्या बॉल जॉइंटवर झुलायला लागते. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर लगेच तारेने किंवा दोरीने नकल वरच्या आर्मला बांधा. ती बाहेरच्या बाजूला लवंडली तर सीव्ही ॲक्सल, म्हणजे चाकाला ताकद देणारा दांडा, आतल्या जॉइंटमधून ओढला जातो, आणि मग ग्रीस, फाटलेलं बूट, एक नवं काम. आता जॅक हळू खाली घ्या. आर्म आता फक्त दोन कॅम बोल्टवर उरला.

कॅम बोल्ट

नट सोडा. नट बहुतेक वेळा निघतो, आणि तुम्हाला वाटतं आपण जिंकलो. आता बोल्टच्या डोक्यावर पाना लावून फिरवून बघा. बोल्ट मोकळा फिरला तर तुमचं नशीब, हातोडीने मागून ठोकून बाहेर काढा. पण बोल्ट थोडा फिरून, पाना सोडल्यावर परत जागेवर आला, रबरी चेंडू दाबल्यासारखा, तर समजून जा. बुशच्या आत एक लोखंडी नळी असते, बोल्ट तिच्यातून जातो, आणि मिठाने त्या दोघांचं लग्न लावून दिलेलं असतं. तुम्ही बोल्ट फिरवत नाही, नळीसकट रबर पिळताय. या क्षणी जितक्या लवकर हार मानाल तितकं बरं.

मी पहिल्या वेळी मानली नाही. इम्पॅक्ट गन, तेल, परत इम्पॅक्ट, मग गॅसची टॉर्च. रबर पेटलं, गॅरेजभर काळा धूर, बायको खाली येऊन विचारते की आग लागलीये का. लागलीच होती, विझवली. बोल्ट हलला नाही. तीन तासांनंतर करवत काढली आणि पंधरा मिनिटांत तो सुटला. तेव्हापासून माझा नियम: बोल्ट चेंडूसारखा परतला की टॉर्चकडे हात जायच्या आत करवत.

कापायचं कुठे? बुशची कड आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या फटीत, दोन्ही बाजूंना. म्हणजे एका बोल्टला दोन काप, एका आर्मला चार. पातं बुशकडे झुकवा, ब्रॅकेटकडे नाही. आर्म जायचाच आहे, त्याला हवं तेवढं कापा, ब्रॅकेट चासीचा भाग आहे. करवत हळू चालवा, पात्यावर तेल सोडत राहा, डोळ्यांवर चष्मा लावा. वेगात चालवलं तर पातं लाल होऊन त्याचे दात जातात आणि तुम्ही पात्यांना दोष देत बसता. एका बोल्टला दोन-तीन पाती लागली तरी त्यात काही वावगं नाही.

पुढचा बोल्ट मोकळा असूनही बाहेर येताना स्टिअरिंग रॅकला अडला, तर रॅकचे माउंटिंग बोल्ट सैल करून रॅक थोडा पुढे ढकला. रॅकच्या टोकांवरच्या घडीच्या रबरी टोपीला टॉमी लावू नका. स्टिअरिंगला कुलूप लावून ठेवा, त्याचा दांडा रॅकपासून सुटलेला असताना ते गरगर फिरवलं तर आतली एअरबॅगची गोल गुंडाळलेली वायर तुटते.

नवा आर्म बसवणं

ब्रॅकेटची आतली बाजू आणि उंचवटे तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा. तबकडी जिथे फिरणार तिथे गंजाची खपली राहिली तर अलाइनमेंटवाल्याला कॅम फिरवताच येणार नाही. मग रंगाचा पातळ हात. नव्या बोल्टच्या गुळगुळीत दांड्याला, जो नळीच्या आत राहणार आहे त्या भागाला, अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं ग्रीससारखं मलम) भरपूर चोपडा. आट्यांना लावू नका, तिथे लावलं की टॉर्क रेंच चुकीचं सांगतो. पुढच्या वेळी हे काम तुम्हीच करणार असाल तर स्वतःलाच धन्यवाद द्याल.

आर्म आधी चासीला टांगा. दोन्ही पाय ब्रॅकेटमध्ये सरकवून कॅम बोल्ट घाला, तबकड्या आधी ओढलेल्या रेघांवर आणा, नट हाताने लावा. घट्ट करू नका. मग जॅकने आर्म उचलत शॉकअपचा डोळा जागेवर आणा, बोल्ट घाला, तोही सैलच. मग बॉल जॉइंट नकलखाली बसवून दोन्ही बोल्ट. हे दोन मात्र पूर्ण टॉर्कने घट्ट करा, यात रबराचा संबंध नाही. बॉल जॉइंट वेगळा आणला असेल तर त्याचा नट आणि स्प्लिट पिन आधीच लावून टाका. टाय रॉडचा नट टॉर्कला आणा, खाच भोकासमोर आली नाही तर नट आणखी थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून जुळवायचा नाही. नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून परत वापरणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, त्याच्या गाडीत बसतही नाही. स्टॅबिलायझरची लिंक, एबीएसच्या क्लिपा. चाक लावा.

आर्मचे नट अजून सैल आहेत. मुद्दाम ठेवलेत, आणि नवशिक्याला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं, पण इथवर आल्याशिवाय ते डोक्यात उतरत नाही. बुश हे बेअरिंग नाही. आर्म वर-खाली होताना बुशच्या आतली नळी फिरत नाही, ती ब्रॅकेटमध्ये आवळून बसलेली असते. मधलं रबर पिळलं जातं आणि परत येतं. नट घट्ट करताना आर्म ज्या जागी असेल ती जागा रबराची विश्रांतीची जागा होते. गाडी हवेत, चाक लोंबतं, आर्म पार खाली, अशा अवस्थेत तुम्ही नट आवळलेत, तर गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून रबर कायम पिळलेलं. खड्डा आला की आणखी पिळतं. मी पहिल्यांदा हेच केलं. नवाकोरा आर्म, सगळं टॉर्कने, घोडीवर गाडी असतानाच. वर्ष पुरं होण्याआधी दोन्ही बुशांचं रबर नळीपासून फाटलं, आणि मी दुकानदाराला ‘तुमचा माल हलका’ म्हणून ऐकवून आलो होतो.

म्हणून गाडी चाकांवर उतरवा, पुढच्या बंपरवर दोन-चार वेळा झोके द्या, चार-पाच फूट पुढे-मागे लोटा म्हणजे टायर अडखळलेले राहणार नाहीत. मग टकोमाच्या उंचीचा फायदा घेऊन खाली सरका आणि कॅम बोल्टचे नट आणि शॉकअपचा खालचा बोल्ट कागदावरच्या टॉर्कला आवळा. आवळताना कॅमचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तबकडी रेघेवरून सरकते. जमिनीवर पाना फिरवायला जागा मिळत नसेल तर चाकं रॅम्पवर चढवा. रॅम्पवरही वजन चाकांवरच असतं, चालतं.

चाकाचे नट ८३ फूट-पाउंड, म्हणजे ११३ न्यूटन-मीटर, एकाआड एक असे समोरासमोर आवळत जा.

रस्त्यावर काढण्याआधी

कॅम रेघांवर बसवले तरी अलाइनमेंट हवीच. नव्या आर्मचे बुश जुन्यासारखे बसलेले नसतात आणि टोमध्ये, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलीत त्यात, थोडा फरक पडला तरी टायरचं रबर महिन्याभरात खरवडलं जातं. दुकानापर्यंत गल्लीतून, हळू जा. स्टिअरिंग वाकडं असेल, गाडी वाहवत जाईल, त्याने दचकू नका. ब्रेक लागल्यावर खेचते का, कुठे लोखंड आपटतं का, याकडे कान द्या. अलाइनमेंटवाल्याला सांगा की कॅम बोल्ट नवे आहेत. तो खूश होतो, कारण त्याच्या नशिबी बहुतेक वेळा जाम झालेलेच असतात. कॅमचे नट त्याने सैल केले म्हणजे शेवटचं आवळणं त्याच्याच हातचं. त्याला टॉर्कने आवळायला सांगा आणि छापलेला रिपोर्ट मागून घ्या.

वरचा आर्म बदलायचा असेल तर तो सोपा आहे, कॅम नाहीत, एकच लांब बोल्ट दोन्ही पायांतून आरपार जातो. फक्त तो लांब बोल्ट बाहेर ओढताना चाकावरचा आतला पत्रा आडवा येतो. तो पक्कडीने वाकवायचा, बोल्ट काढायचा, नंतर पत्रा परत सरळ करायचा. कंपनीने तिथे दोन इंच जागा का सोडली नाही हे मला अजून उमगलेलं नाही.

साधारण दीडशे किलोमीटर चालल्यावर एकदा खाली जाऊन चाकाचे नट, बॉल जॉइंटचे दोन बोल्ट आणि कॅमचे नट टॉर्क रेंचने परत तपासा. रेंच लगेच ‘कट्’ म्हणाला तर झालं. जुना आर्म भंगारवाला घेतो. माझा कापलेला बोल्ट नळीसकट अजून बेंचवर पडलाय. कोणी टॉर्च मागायला आलं की मी त्याच्या हातात तो देतो आणि म्हणतो, आधी हा फिरवून दाखव.